रविवारचा अंतिम सामना

"मग मुगुट मिळणार की नाही, तेवढं सांगा."

सलाम नाही, बसणं नाही. हनोखने दारातूनच विचारलं.

रेव्हरंड अमोलिक गालाला साबण लावून आरशासमोर बसले होते. त्यांनी मान वळवली नाही.

"कसला मुगुट?"

"वरचा, पाळकसाहेब. तुम्हीच शिकवलंत ना, इथले कप गंजतात, तिथला मुगुट सुकत नाही? काल मी इथला सोडला."

सोडला होता, हे खरं. कबड्डीचा जिल्ह्याचा अंतिम सामना रविवारी आला. प्रभूचा दिवस मोडणार नाही म्हणून गावाचा हा पट्टीचा चढाईपटू मैदानातून निघाला, तो थेट उपासनेत पहिल्या बाकावर येऊन बसला. मंडळीने त्याला डोक्यावर घेतलं. तिकडे संघ हरला.

"रविवार पाळलास, चांगलं केलंस."

"नुसतं चांगलं? राज्याच्या संघात निवड होणार होती माझी. गेली. एवढं सोडल्यावर तिकडं मोठं काहीतरी मिळायलाच पाहिजे. नाहीतर..."

"नाहीतर?"

"नाहीतर मी फुकट गेलो!"

आवाज फाटला. शेखी होती, पण खाली भीतीही होती. रात्रभर बिचाऱ्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

पाळकसाहेबांनी वस्तरा खाली ठेवला.

"सामना रविवारी आहे, हे तुला कधी कळलं?"

"पत्रक आलं तेव्हा. पंधरवडा झाला."

"आणि संघाला कधी सांगितलंस?"

हनोख दाराच्या चौकटीचा रंग नखानं खरवडू लागला.

"हनोख."

"मैदानावर. शिट्टी वाजायच्या जरा आधी."

"इतके दिवस का नाही?"

"आधी सांगितलं असतं तर त्यांनी माझ्या जागी दुसरा कुणी तयार केला असता."

"मग बरंच झालं असतं की."

"आणि मी काय सोडलं, ते कुणाला कळलं असतं?"

बोलून गेला, आणि त्याने जीभ चावली. पण तोंडातून गेलेला शब्द कुणाला परत घेता आलाय?

पाळकसाहेब आरशाकडून त्याच्याकडे वळले. गालावरचा साबण वाळून गेला होता.

"तुझ्या जागी कोण उतरलं?"

"सोपान. राखीव होता... सरावच नव्हता त्याला. पहिल्याच चढाईत सगळे अंगावर पडले. खांदा निखळला म्हणतात."

"म्हणतात? तू गेला नाहीस?"

"कोणत्या तोंडानं जाऊ?" हनोख एकदम उसळला. "विषय बदलू नका, पाळकसाहेब! एवढंच सांगा, माझं बक्षीस आहे की नाही?"

"आहे."

"आहे?"

"आहे तर."

हनोखचा चेहरा उजळला. तो पुढे सरकला.

"कुठं?"

पाळकसाहेब उठून आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात फडक्यात बांधलेली भाकरी आणि पिठल्याचा डबा होता. त्यांनी ते हनोखच्या हातात दिलं.

"सरकारी दवाखान्यात. खिडकीजवळच्या खाटेवर. पहाटेच बघून आलो मी. उजवा हात बांधलेला आहे, स्वतःच्या हातानं जेवता येत नाही... पळ, रात्रीपासून उपाशी आहे."