पंचांची गाठ

"पंचांची गाठ घेतलीस का?"

"घेतली सर. सुईनं."

निमकर सरांनी फाईल मिटून त्याच्याकडे दिली…

सर खूश झाले, असं शिकाऊ डॉक्टर पुष्कराजला वाटलं. वाटणारच. लाळग्रंथींच्या दुर्मिळ गाठींची नावं त्याला तोंडपाठ होती, आणि ती ऐकवायची हौसही दांडगी होती. कबड्डीचे जुने पंच शामराव कडोले कानाखाली आवळ्याएवढी गाठ घेऊन आले, त्याच दिवशी त्यानं सुई टोचून नमुना तपासायला पाठवला. गाठ साधी निघाली. उद्या छोटंसं ऑपरेशन ठरलं होतं.

सर उठून वॉर्डात गेले. फाईल सावरत पुष्कराज मागोमाग.

पंच खाटेवर बसले होते. गळ्यात शिट्टी तशीच. सरांनी गाठीला हातही लावला नाही. स्टूल ओढून बसले आणि यंदाचे सामने कसे झाले, ते विचारू लागले.

पंचांनी मान खाली घातली.

"यंदा उभाच राहिलो न्हाई. शिट्टी नीट वाजंना. पोरं हसाय लागली, मग मीच सोडलं."

"वाजवा बघू."

पंचांनी शिट्टी ओठांत धरली, गाल फुगवले. डावीकडून, गाठीच्याच बाजूनं, ओठाच्या कोपऱ्यातून वारा सुटला. शिट्टी नुसती फुसफुसली…

पुष्कराजला आता उमगलं. चेहरा हलवणारी नस कानाखालच्या लाळग्रंथीतूनच जाते. साधी गाठ तिला सहसा धक्का लावत नाही. नसेत शिरते ती कर्करोगाची चिवट जात. सुईला ती सापडलीच नसणार. उद्या वरवरचं काढून त्यानं पंचांना घरी धाडलं असतं, आणि रोग नसेच्या वाटेनं आत सरकत राहिला असता. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"हे तुम्ही बोलला नाहीत," तो कसाबसा म्हणाला.

"तुमी इच्यारलं कुठं, डॉक्टर?"

सरांनी उद्याचं ऑपरेशन थांबवायला सांगितलं. पुष्कराज लगबगीनं गेला आणि नवी सुई घेऊन आला.

"सर, पुन्हा गाठ घेऊ?"

सर उठले. स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

"घे… आधी ती सुई खाली ठेव."