खालच्या फडाची बारी

"मग गावानं मला निवडून कशाला दिलं, आप्पा?"

भिवसन बंधाऱ्यावर उभा राहून विचारत होता. कानात गुलाल, मागं ताशा, आणि ताशामागं अख्खा वरचा फड, म्हणजे वरच्या रानाचे सगळे शेतकरी. निकाल सकाळीच लागला होता. भिवसन सरपंच, ठगूबाई पडली.

आप्पानं फावडं पाण्यात धुतलं. 

झिपरू आप्पा म्हणजे इथला पाटकरी. नदीचं पाणी पाटातून कुणाला कधी द्यायचं, हे त्याचं काम. त्याला स्वतःला वीतभर जमीन नाही. ज्याला जमीन आहे त्याच्या हाती फावडं द्यायचं नाही, अशी इथली रीत. पाणी कसं चालतं, कुठं तुंबतं, कसं वळतं, हे भिवसन लहानपणी त्याच्याच मागं हिंडून शिकला. गुरूच म्हणा.

आणि आता गुरूला हुकूम करायला आला होता.

काठच्या जमिनीचे दोन फड, एक वरचा आणि एक खालचा. बारी, म्हणजे पाण्याची पाळी, खालच्याची चालू होती. भिवसनचं म्हणणं, ती तोडा आणि पाणी वर सोडा. वरच्यांनी त्याला मतं दिली होती, खालच्यांनी ठगूबाईला. खालचा गहू चिकात आलेला. आता पाणी चुकलं तर दाणा पोचट, वर्ष वाया. हे भिवसनला माहीत नव्हतं असं समजू नका. माहीत होतं म्हणूनच आला होता.

आप्पानं त्याला जुनं सांगून बघितलं. आधी ज्याचं मनगट दांडगं त्याचं पाणी असायचं. मग ज्याच्या दारी घोडा त्याचं. मग गोऱ्या साहेबाला ज्यानं मुजरा केला त्याचं. याच बंधाऱ्यावर तीन माणसं कुऱ्हाडीनं मेली. तेव्हा कुठं वरचे-खालचे एका जाजमावर बसले आणि बारी बांधली. एका वर्षी पाणी वरून सुरू, पुढच्या वर्षी खालून. आणि बारी न मोडण्याची पहिली शपथ पाण्यात उभं राहून कुणी घेतली? ज्याचं मनगट सगळ्यात दांडगं होतं त्यानं.

"ते अडाणी होते," भिवसन म्हणाला. "आता लोकशाही आहे. हात वर करायला लावा, आत्ता कळेल."

"लाव," आप्पा म्हणाला.

हात असे वर गेले की जणू वरून कुणी ओढले. ताशा कडाडला.

तेवढ्यात ठगूबाई खालून धावत आली. धापा टाकत तिनं एकेकाच्या मिशीचा उद्धार केला. बायकोला विचारल्याशिवाय चहाला हो म्हणत नाहीत, आणि इथं हात वर करतात म्हणे.

"मला मत नाही दिलं, बरं केलं," ती म्हणाली. "पण गव्हानं तुमचं काय घोडं मारलं होतं?"



आप्पा खाली उतरला. चार फावडी चिखल टाकला आणि खालच्या फडाचं पाणी बंद केलं...

 आप्पानं बारी मोडलेली कुणी कधी बघितली नव्हती. ताशावाल्याचा हातसुद्धा वरच्या वर राहिला.

मग पाणी वरच्या पाटात घुसलं, आणि काय विचारता. माणसं नाचली. कुणी पाण्यात गुलाल उधळला, पाट लालभडक झाला.

आप्पानं विचारलं, "पहिलं शेत कुणाचं लागतं?"

"माझं," भिवसन म्हणाला. "आठ बिघे."

"म्हणजे संध्याकाळपर्यंत तेच पिणार. मग आणखी एकदा विचारू यांना." आप्पा लोकांकडे वळला. "भिवसनचं शेत सोडून द्यायचं का? बाकीच्यांचं आजच भिजेल."

लोक हसले. भिवसनही हसला.

मग एक हात वर गेला. लाजत, कानामागं खाजवल्यासारखा. मग दुसरा. मग पाच-सहा एकदम. ताशावाल्याची काडी वर गेली. सकाळी ज्यानं भिवसनला खांद्यावर घेऊन गाव फिरवला, त्या चुलतभावाचाही हात गेला, फक्त मान दुसरीकडे होती.

भिवसन एकेकाचं तोंड बघत राहिला.

"अरे, पहिली बारी माझी आहे. नेमानं माझी आहे."

"कुठल्या नेमानं?" आप्पानं विचारलं.

बघता बघता सगळ्यांचे हात वर गेले. एकच खाली होता. ठगूबाईचा. शेजारच्यानं तिला कोपर मारलं, की उचल माय, तुझा वैरीच आहे तो.

"वरच्या फडात पहिली बारी त्याचीच," ठगूबाई म्हणाली. "मेल्याची आहे तर आहे."

भिवसनचं तोंड गुलालापेक्षा लाल झालं. कडक इस्त्रीच्या कपड्यानिशी तो पाटात उतरला. फावडं मागितलं नाही, ते मागायचं तोंडच नव्हतं. हातांनी चिखल उपसला, खालची वाट मोकळी केली, आणि तोच चिखल वरच्या पाटाच्या तोंडाशी रचला. निसटला की पुन्हा रचला. त्याला अडवायला कुणी पुढं आलं नाही. पाणी घुटमळलं, आणि धाडकन खाली वळलं.

ठगूबाईनं आभार-बिभार काही मानले नाहीत. पदर खोचला आणि पाण्याच्या पुढं पळत सुटली.

माणसं पांगली.

भिवसन चिखलातच बसला होता. 

"आप्पा... माझी बारी येईल ना?"

आप्पानं फावडं खांद्यावर घेतलं.

"येईल. तुझ्या हातात नाही, म्हणून येईल."