तानूबाईचा वाळुंजाचा पाळणा

पाय पांघरुणात घ्या आधी. राजाला आज सुट्टी हं! आज एक होती तानूबाई. डोंगरापलीकडच्या नदीकाठी राहायची, वाळुंजाच्या झाडाच्या लवचीक काड्यांच्या टोपल्या विणायची. एकदा काय झालं, तिची लेक केवडा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मग बारशाला पाळणा नको?

पण नदी गेली होती रोडावून. काठची झाडं म्हातारी झालेली. काडी वाकवावी तर कटकन मोडे. कोवळं असं एकच वाळुंज उरलं होतं. तेवढं तिनं पाळण्यासाठी जिवापाड राखलं होतं.

आणि नेमके तेव्हाच बीव्हर परत आले! बीव्हर म्हणजे, बरं का, गुबगुबीत केसाळ प्राणी, दात नारिंगी, शेपूट उलथन्यासारखं. पूर्वी त्या नदीत पुष्कळ होते. मऊ कातड्यापायी लोक त्यांच्या मागे लागले, म्हणून ते पळून गेले होते. आल्या आल्या त्यांनी तेच वाळुंज कुरतडून आडवं केलं, फांद्या ओढून नेल्या नि नदीला बांध घातला.

तानूबाई रडली. मग चिडली. "मेल्यांनो, माझ्या नातवंडाचा पाळणा खाल्लात!" म्हणत पदर खोचून गेली नि बांध मोडला. सकाळी बघते तर बांध उभा. मग पुन्हा मोडला. पुन्हा उभा! तिसऱ्यांदा निघाली, तेव्हा केवडा म्हणाली, "आई, दमलीस गं. राहू दे आता." मग राहू दिलं.

मग काय झालं? बांधाआड पाणी साठलं. काठची माती भिजली. बेडूक आले, बगळे आले. इकडे केवडाला मुलगी झाली. तानूबाई दुपटी धुवायला नदीवर गेली नि बघतच राहिली. कुरतडलेल्या बुंध्याला झुपकाभर फुटवे! सरळ, लांब, कोवळे. एक वाकवला, गोल झाला, मोडला नाही.

"अगं बाई!" ती म्हणाली. "यांनी झाड मारलं नाही, छाटलं! तुळस खुडते मी रोज, तरी कळलं नाही मला." आणि एकटीच खो खो हसली.

मग पाळणा विणला. बारसं झालं. आत्यानं बाळाच्या कानात कुर्रर्र केलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. पाळणा झुलू लागला. मग तानूबाई दारात आली नि नदीकडे तोंड करून ओरडली, "कुरतडा रे बाबांनो, खुशाल कुरतडा! शेजारच्या सुनेलाही दिवस गेलेत!"

तिकडे सगळे आनंदात आहेत. झोपलेसुद्धा. तुमचेच डोळे टक्क उघडे! मिटा पाहू.