कुंभाराला सापडलेला दात

समुद्रापासून फार लांब असलेल्या एका गावात एक कुंभार राहत होता. त्या गावात समुद्र कुणीच पाहिला नव्हता, त्यामुळे त्याच्याबद्दल सगळेच अगदी खात्रीने बोलत.

कुंभार घळीतून माती आणायचा. त्या मातीत त्याला अधूनमधून माशांचे दगड झालेले दात सापडत. ते घेऊन तो आपल्या मित्राकडे, गावच्या वैद्यबुवांकडे जाई. वैद्यबुवांनी पोथ्या वाचल्या होत्या. दात उन्हात फिरवून ते सांगत, "हा फरशीसारखा चपटा, म्हणजे शिंपले फोडून खाणाऱ्याचा. हा सुईसारखा, निसटती मासळी धरणाऱ्याचा. कधीकाळी इथं समुद्र होता, गड्या."

"आणि तुमच्या पोथीतला तो मोठा शार्क मासा?" कुंभार दर वेळी विचारी.

"त्याचा दात तळहाताएवढा, तिकोनी. कडेवरून नख फिरवलं की करवत लागते. मिळेल तुला."

कुंभारीण म्हणे, "लोकांचे नवरे मासे आणतात. आमचे नुसते दात आणतात." कुंभार हसून पुन्हा घळीत जाई. त्या एका दातासाठी त्याने सगळं आयुष्य वाकून काढलं.

वैद्यबुवाही पूर्वी त्या घळीत पुष्कळ हिंडले होते. त्यांना एकही दात मिळाला नाही. कंबरदुखी तेवढी मिळाली, आणि तिला त्यांच्याच औषधाचा गुण आला नाही.

एकदा घळीतला ओढा भरून वाहत असताना कुंभाराने त्यांना काठावरच गाठलं. "बुवा, जरा बघा."

काळा, तिकोनी, तळहाताएवढा दात. वैद्यबुवांनी कडेवरून नख फिरवलं. करवत लागली. पोथ्या आपण वाचायच्या आणि दात याला सापडायचा, असं त्यांच्या मनात आलं.

"दगड आहे," ते म्हणाले.

"पण माझ्या नखाला करवत लागली."

"नख म्हातारं झालं तुझं. डोळेही."

मित्राच्या शब्दापुढे कुंभाराला स्वतःचं बोट खोटं वाटलं. त्याने तो दात ओढ्यात भिरकावून दिला.

उद्या खरं सांगू, असं वैद्यबुवांनी ठरवलं. पण उद्या धीर झाला नाही, आणि पुढे न सांगण्याची सवय झाली. इकडे कुंभाराने घळीत जाणंच सोडलं. "मला आता दगड नि दात यांतला फरक कळत नाही," म्हणे. माती सून आणू लागली. मग त्याने अंथरूण धरलं.

वैद्यबुवा औषध घेऊन जात. त्याचा उपयोग नाही हे दोघांनाही दिसत होतं. शेवटी एका सकाळी ते उशाशी बसले.

"तो दगड नव्हता. शार्कचाच दात होता. मी खोटं बोललो."

कुंभार हसला. "बुवा, सगळ्या रोग्यांना तुम्ही असंच गोड सांगता. माझ्या बापालाही उद्या उठशील म्हणाला होतात."

"शपथ घेतो."

"शपथ कशाला वाया घालवता? तुमचा स्वभावच मायाळू." त्याने मित्राचा हात थोपटला. "पण ऐकून बरं वाटलं."

संध्याकाळच्या आत कुंभार गेला. त्याच्या समजुतीप्रमाणे तो मोठा दात त्याला कधीच सापडला नव्हता.

तात्पर्य एवढंच: आपल्या शब्दावर कुणी स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त विसंबत असेल, तर त्याला खरं वेळेवर सांगावं. उशिरा सांगितलेलं खरं नुसतं सांत्वन ठरतं.