शेजाऱ्याच्या रानातले खड्डे

पूर्वी चंपकगिरीवर सुयाम नावाचा राजा राज्य करीत असताना त्या डोंगराच्या उतारावर पदुमा नावाच्या एका मळेकरणीची झोप उडाली होती; आणि ती उडवणारा तिचा नवरा सोमिल म्हणजे साक्षात बोधिसत्त्व होता. त्यांचा मळा होता कॉफीचा. त्या काळी कॉफी कुठली, असं कुणी विचारू नये. जिथे हरणं राजाला उपदेश करतात, तिथे चार झुडपं कॉफीची असायला हरकत नाही.

सलग दोन उन्हाळे पाण्यावाचून कॉफीच्या कळ्या उमलण्याआधीच फांदीवर काळ्या पडल्या होत्या. तिसऱ्यांदा तसंच झालं, तर पाच वर्षांच्या उप्पीला घेऊन डोंगर सोडावा लागणार होता. पदुमा थोडी शिकलेली होती, त्यामुळे तिला एकाच गोष्टीची सात बाजूंनी भीती वाटे.

पाणी साचलं की कॉफीची मुळं कुजतात, म्हणून त्या डोंगरावर जो तो उताराने सरळ चर काढी आणि पावसाला लगेच वाटेला लावी. मागच्या वर्षी सोमिलने पाणी अडवायला खड्डे खणले, पण ते थेट बुंध्यांशी. वीस झुडपं कुजली. लोक अजून त्या झुडपांची विचारपूस करीत.

आणि आता भर पावसात तो कुदळ घेऊन वरच्या अंगाला, कुंभिल या शेजाऱ्याच्या मळ्यात निघाला होता.

"आपल्या मळ्यात किती खड्डे झाले?" पदुमाने विचारलं.

"एकही नाही. आधी कुंभिलदादाकडे."

"पाऊस सरेपर्यंत एकाच मळ्याचं काम होईल. आणि तो तुम्हाला गावभर घूस म्हणतो."

"म्हणू दे. वरचं पाणी त्याच्या चरातून आपल्यावर कोसळतं आणि माती घेऊन ओढ्याला जातं. आपण खणलं तर गाळानेच भरेल. ते वर मुरलं, तर त्याची झुडपं जगतील आणि ओल हळूहळू आपल्याकडे उतरेल."

"आणि नाही उतरली तर?"

"तर त्याची तरी जगतील."

पदुमाने चिडून दुसरी कुदळ उचलली.

कुंभिल बांधावर बसून बघत होता. "वहिनी, तुम्हीही यांच्या नादी लागलात? खणा. पण माझं एक झुडूप कुजलं, तर तुमची दहा उपटीन."

या वेळी खड्डे दोन ओळींच्या मधोमध, उताराला आडवे खणले. पालापाचोळा आत टाकला, सरळ चर दगडांनी बुजवले. कुंभिलचं एकही झुडूप कुजलं नाही.

उन्हाळा आला. पलीकडच्या डोंगरावर पानं कान पाडून लोंबू लागली. कुंभिलच्या कळ्या हिरव्या राहिल्या. पदुमा मात्र रोज सकाळी आपल्या मळ्यात बोट खुपसून पाही. कोरडं. परत कोरडं. आपण नवऱ्याला अडवलं का नाही, असं ती स्वतःलाच विचारी, आणि अडवून तरी काय झालं असतं, हेही.

मग एका सकाळी बोटाला माती चिकटून आली.

कळ्या तगल्या. वळिवाची एक सर झाली आणि दोन्ही मळे पांढऱ्या फुलांनी भरून गेले. पुढच्या पावसाळ्यात कुंभिल न बोलावता कुदळ घेऊन सोमिलच्या मळ्यात उतरला. त्या डोंगरावर रीतच पडली: आधी वरच्याच्या रानात खणायचं, मग आपल्या.

ही कथा सांगून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा कुंभिल म्हणजे आज पाणवठ्यावरून शेजारच्या विहाराशी भांडून आलेला हा भिक्षू. पदुमा ही मागे बसलेली उपासिका, आणि उप्पी तिच्या मांडीवर आहे. सोमिल मीच होतो. त्या जन्मी मी जपली ती करुणा. शहाणपण तिच्या मागोमाग आलं."

उपासिकेने मान खाली घातली. मांडीवरच्या मुलीने तिच्याकडे पाहिलं आणि सगळ्या सभेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आई, तू तेव्हाही एवढीच घाबरायचीस?"