गेनबा सगळं घेऊन येतो

ढोरपिंपळी गावात गेनबा नावाचा एक भोळा गडी होता, आणि तो दूध संघात कॉम्प्युटरवर बसायचा. त्याला तिथं बसवणाऱ्यांचं डोकं किती चालत असेल, ते तुम्हीच ठरवा.

संघात दोन डेटाबेस होते. एक खरा. त्यात गावातल्या प्रत्येक म्हशीची आणि तिच्या दुधाची नोंद. दुसरा चाचणीचा. नवीन काही करायचं तर आधी चाचणीत करायचं, जमलं की उचलून खऱ्यात न्यायचं. हे नेण्याचं काम गेनबाचं. नोकरी पक्की झाली तरच मंजुळा देईन, असं तिच्या बापाने, खंडेरावाने, बजावून ठेवलं होतं. आणि नोकरी पक्की करणं मॅनेजर दत्ताजीरावांच्या हातात. दत्ताजीराव चेअरमनचे मेहुणे. एवढंच त्यांचं शिक्षण.

एकदा चाचणीत दूध नोंदवायची नवी स्क्रीन तयार झाली. दत्ताजीराव म्हणाले, ती स्क्रीन खऱ्यात ने. गेनबाने स्क्रीन नेली. तिच्यामागे आकडे साठवायचा तक्ता होता, तो राहिला. तक्ता ने, असं कुणी म्हटलंच नव्हतं. सकाळी गावाने दूध घातलं, गेनबाने आकडे टाकले, संध्याकाळी बघतात तर एकही आकडा नाही.

"अरे बैला, एखादी वस्तू हलवली की तिला जे जे जोडलंय ते सगळं सोबत आणायचं," दत्ताजीराव म्हणाले.

"बरं साहेब."

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला वरच्या आळीतल्या केंद्रावरून फॅट तपासायचं मशीन आणायला पाठवलं. गेनबाने मशीन घेतलं. मशीनला वायर होती, ती घेतली. वायर बोर्डात गेली होती, बोर्ड उपसला. बोर्ड मीटरला जोडला होता, मीटर उतरवलं. पुढे खांब होता. तो काही हलेना. खांब राहिला म्हणून गेनबाने परत आल्या आल्या माफी मागितली. वरची आळी अंधारात बसली.

दत्ताजीरावांनी कपाळ बडवलं. "थेट खऱ्याला हात लावत जाऊ नकोस. आधी खोट्यावर करून बघ. नीट झालं, तर मग खऱ्यावर."

"बरं साहेब."

पुढचे काही दिवस सुखाचे गेले, कारण कुणी त्याला काम सांगितलं नाही. मग एकदा दत्ताजीराव खुशीत होते. म्हणाले, जा, खंडेरावाकडून लग्नाची तारीख तरी ठरवून ये. गेनबा आधी उमाजीकडे गेला. उमाजीचा या भानगडीशी काही संबंध नव्हता, फक्त त्याचीही एक मुलगी लग्नाची होती. गेनबाने पाया पडून ती मागितली. उमाजीने नारळ दिला, तारीख दिली. नीट झालं. मग गेनबा नारळ काखेत मारून खंडेरावाकडे गेला आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं.

"नवं मांडायच्या आधी जुनं साफ पुसावं, एवढी अक्कल नाही तुला?" खंडेराव म्हणाला. "जा, तिकडचं पुसून ये."

गेनबाने नारळ परत केला आणि उमाजीच्या शिव्या खाल्ल्या. म्हाताऱ्यांचं हे असंच. सूचना अर्धी द्यायची, शिवी मात्र पूर्ण.

शेवटी सगळ्या नव्या दुरुस्त्या खऱ्यात न्यायचा दिवस आला. दत्ताजीरावांनी दम भरला की काही मागे राहिलं तर नोकरी गेली, आणि काही राहिलं नाही तर उद्याच पक्की.

गेनबाने मोठ्यांचं सगळं आठवून आठवून केलं. नवं मांडायच्या आधी खऱ्यातलं जुनं साफ पुसलं. गावातल्या सगळ्या म्हशी गेल्या. मग चाचणीतलं जे जे जोडलेलं होतं ते सगळं आणलं. सॉफ्टवेअरवाल्या पोरांनी तिथं नमुन्यादाखल गमतीत एक नोंद टाकली होती. तीही आली.

सकाळी दत्ताजीराव घराच्या ओट्यावर खंडेरावाला चहा पाजत होते. पोरगा सुधारला, आजच पक्का करतो, असं सांगत होते. तिकडे संघात गेनबाने डेटाबेस उघडला. अख्ख्या गावात म्हैस एकच. जात मुऱ्हा. नाव दत्ताजीराव. आजची धार बाकी.

गेनबा बादली घेऊन ओट्यापाशी आला. ती साहेबांच्या पायांशी ठेवली, उकिडवा बसला आणि हाताला तेल चोळलं.

"साहेब, गावात आता तुम्ही एकटेच उरलात," तो अदबीने म्हणाला. "असाच पान्हा सोडाल, की आधी रेडकू सोडू?"