अकरा पायऱ्यांचे नाट्यगृह

"पाटी वाचता येते ना तुला? 'सर्वांना मुक्त प्रवेश'!" दिवाण भर दरबारात गरजले.

"येते की, दिवाणसाहेब! डोळे चढतात वर. पाय चढत नाहीत!" कुबड्यांवर रेललेली एस्तेर म्हणाली.

जांभुळखिंड संस्थानातले जुने चर्च रिकामे पडले होते. मंडळी वाढली, त्यांनी नवे मोठे चर्च बांधले आणि जुनी इमारत आनंदाने गावाला दिली. नाटकवेड्या रणधीरराव महाराजांनी तिचे नाट्यगृह करायला घेतले. रंगमंच झाला, पडदे आले, बाके लागली. सगळ्यांना सहज आत येता यावे म्हणून दिवाणांनी एक समितीही नेमली. समितीने सहा महिने विचार केला, एक पाटी रंगवली आणि अकरा उंच पायऱ्यांच्या वर नेऊन टांगली!

एस्तेर ही जुन्या चर्चची घंटा वाजवणाऱ्या याकोबची मुलगी. पहिल्या नाटकात सूत्रधार तीच. पाठांतर चोख, आवाज खणखणीत. पण तालमीला तिला दोघांनी उचलून वर न्यावे लागे. गुडघे धरलेल्या आज्या आणि आंधळे तबलजी खालीच बसून राहत. म्हणून ती आज दरबारात आली होती.

"महाराज, पायऱ्यांशेजारी एक उतार बांधून द्या."

महाराज पडले हट्टी. "त्या पायऱ्या आमच्या आजोबांच्या देणगीतल्या! तुमच्यापैकी कुणी एकाही दगडाला हात लावायचा नाही. नवं दार पाडायचं नाही. कुणी कुणाला उचलायचं नाही. तरीही दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत सगळं गाव आत बसवून दाखव. नाहीतर तिथे आमच्या घोड्यांची पागा होईल!"

दिवाण मिशीतल्या मिशीत हसले.

घरी आल्यावर एस्तेरला रडू फुटले. तिची सगळी भाषणे आता घोडे ऐकणार! घोडे... ती एकदम रडायची थांबली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा दरबारात हजर. "महाराज, मला काही हे जमायचं नाही. पागेचं काम आजच काढा. फक्त एक शंका आहे. घोडे अकरा पायऱ्या चढतील?"

"चढतील कसे? पाय मोडतील बिचाऱ्यांचे! दिवाण, ताबडतोब उतार बांधा!"

घोड्यांचे नाव निघाले मात्र, काम आठ दिवसांत पुरे! आजोबांच्या पायऱ्यांना पहार लागली, पण कुणी हूं की चूं केले नाही. उतार रुंद झाला, खूर घसरू नयेत म्हणून खरबरीत झाला. घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दारांना धरायला दोन्ही बाजूंनी कठडेही लागले. आतली बाके दसऱ्याला घोडे दाराशी आले की हलवायची ठरली.

दसऱ्याला घोड्यांची पूजा झाली. झेंडूच्या माळा घातलेले घोडे घेऊन महाराज वाजतगाजत दाराशी आले आणि थबकले. आत सगळे गाव बसले होते! रंगमंचावर एस्तेर उभी होती.

"या महाराज! संध्याकाळ व्हायची आहे अजून!"

"तुम्ही... आत आलात कसे?"

"उतारावरून. आपले आपण! आम्ही दगडाला हात लावला नाही, महाराज. सगळे दगड दिवाणसाहेबांच्या माणसांनी लावले!"

"अगं, पण तो उतार घोड्यांसाठी होता!" दिवाण किंचाळले.

"मग घोड्यांची काही तक्रार आहे का, दिवाणसाहेब? चार पायांच्या जिवासाठी आठ दिवसांत वाट होते. म्हटलं, दोन पायांचे, आणि माझ्यासारखे दीड पायांचेही, त्यांच्याआधी हळूच जाऊन बसतील!"

तबलजींनी तबल्यावर ठेवून दिली एक थाप! महाराजांनी ओठ दाबून धरले. "बरं, हरलो आम्ही. बोल, काय हवं तुला?"

"हा उतार कागदोपत्री माणसांच्या नावावर करा, महाराज! नाहीतर उद्या दिवाणसाहेब दारात उभे राहून म्हणतील, आधी खूर दाखवा!"

आता मात्र महाराज असे हसले, की घोडेसुद्धा बिचकले! त्यांनी आपल्या खांद्यावरची शाल एस्तेरला पाठवली, नाट्यगृहाचा सगळा कारभार तिच्या हाती दिला, आणि तो हुकूम दिवाणांना तिथल्या तिथे, घोड्याच्या पाठीवर कागद ठेवून लिहावा लागला.